कॅरॅव्हॅनमधला ओटा वाढवायचा, तर पोरांची जागा आधी ठरवा

ताई, बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गोव्यातल्या फोंड्याचं कुटुंब, गाडीमागे ओढायची सेकंडहँड कॅरॅव्हॅन, आतून साधारण बारा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद. दार डाव्या हाताला, मधोमध. दारासमोर ओटा, त्यात मागच्या अंगाला सिंक, पुढच्या अंगाला दोन बर्नरची शेगडी, आणि दोन्हींच्या मध्ये उरते ती जेमतेम ताटाएवढी जागा. मागे टेबल आणि दोन बाकडी, पुढे आडवा पलंग, त्याच्यावर एक बर्थ. मुलगा अडीच वर्षांचा, मुलगी दहा महिन्यांची, नुकती उभी राहू बघणारी. तुमचा मेस्त, म्हणजे सुतार, म्हणतो, सिंकच्या पलीकडे एक बाकडं काढून तीन फूट ग्रॅनाइट टाकू. ते चालेल का, आणि मुलांसाठी आणखी काय काय बसवून घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

ग्रॅनाइट नको, आणि त्या बाजूला तर मुळीच नको.

तुम्ही ओटा आणि मुलांची सुरक्षितता अशी दोन कामं धरलीत. ते एकच काम आहे. घरात शेगडी पेटली की पोराला हॉलमध्ये पिटाळता येतं. साडेसहा फूट रुंदीच्या खोक्यात दोन फूट ओट्याला गेले, समोर दोन फूट कपाटाला गेले की जो बोळ उरतो त्यातच तुम्ही उभ्या, त्यातच दार, त्यातच पोर. म्हणून पहिला प्रश्न असा की कढईत तेल तापलेलं असताना ही दोघं नेमकी कुठे असणार? त्याचं उत्तर मिळालं की ओटा कुठल्या बाजूला वाढेल ते आपोआप ठरतं.

तुमच्याकडे ते उत्तर मागची बाकडी हेच आहे. बसायला जागा, खेळायला टेबल, तीन बाजूंनी भिंत, आणि शेगडीपासून सगळ्यात लांब. चौथ्या बाजूला, म्हणजे दार आणि बाकडी यांच्यामध्ये, एक छोटं फाटक लावलं की झालं. मेस्तांचा ग्रॅनाइट नेमकी हीच जागा खातो. शिवाय तिकडे ओटा वाढवला की उतरवलेलं गरम भांडं मुलांच्या नाकासमोर येऊन बसतं. सिंक मागे आणि शेगडी पुढे आहे हे तुमचं नशीब समजा. ओटा पुढे, पलंगाच्या अंगाला वाढवायचा.

हे मनात पक्कं होईपर्यंत करवत लावू देऊ नका. पुठ्ठ्याचे तुकडे कापा, मास्किंग टेपने चिकटवा, आणि अंगणात उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये एक पूर्ण जेवण करून बघा. चहा नव्हे, जेवण: शीत (भात), हुमण (माशांची आमटी), भाजी, मासळी तळणं. खोबरं वाटायला मिक्सर कुठे ठेवला, सिंकमधली मासळी चिरायला फळी कुठे आली, उकडलेल्या तांदळाची पेज ओतताना कोपर कुठे आपटलं, हे टेपच्या खुणांवर लगेच कळतं. दोन्ही मुलं तेव्हा आत असायला हवीत, नाहीतर या तालमीचा काही उपयोग नाही.

आता ओटा. सगळ्यात स्वस्त वाढ म्हणजे सिंकवरचं झाकण. १२ मिलिमीटरची फळी सिंकच्या तोंडापेक्षा इंचभर मोठी कापायची आणि तिच्या खालच्या अंगाला दोन पट्ट्या अशा मारायच्या की त्या सिंकच्या आत घट्ट बसतील. पट्ट्या नसतील तर मुलाने कडा धरून ओढली की फळी वरच्या सुरीसकट खाली येते. एवढ्या एका फळीने तुमची चिरायची जागा दुपटीच्या वर जाईल. शेगडीवरही असंच झाकण टाका असं बरेच जण सुचवतात. मला ते आवडत नाही. लहान मूल असलेल्या घरात झाकणाखाली नॉब फिरला तर दिसत नाही, आणि गरम बर्नरवर काचेचं झाकण पडलं तर काच फुटू शकते.

दुसरी वाढ म्हणजे ओट्याच्या पुढच्या टोकाला, शेगडीशेजारी, दीड फुटाची फळी. बहुतेक सुतार इथे बिजागरीवर खाली लोंबणारी फळी आणि तिला आधार म्हणून घडीचा ब्रॅकेट लावतात. दुकानात तो तयार मिळतो, काम अर्ध्या दिवसात होतं. पण जरा खाली बसून तो ब्रॅकेट बघा. दोन पोलादी पट्ट्या कात्रीसारख्या मिटतात, आणि मिटताना त्यांच्यामधली फट बोटभर जाडीवरून शून्यावर येते. फळी उचलून सोडायचा खटका अडीच वर्षांच्या मुलाच्या हाताच्या टप्प्यात असतो. त्याने खटका दाबला आणि बहिणीचा हात आत असला, तर पुढचं सांगायला नको. वर फळी लोंबत असताना तिचे खालचे दोन कोपरे जमिनीपासून साधारण दीड फुटावर येतात, म्हणजे बसलेल्या दहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्याच्या उंचीवर.

त्याऐवजी मी ओढून काढायचे दांडे लावतो. ओट्याच्या पृष्ठभागाखाली इंचभर जाडीचे अॅल्युमिनियमचे दोन चौकोनी पाइप, त्यांच्याहून किंचित मोठ्या पाइपात सरकणारे. लागतील तेव्हा दीड फूट बाहेर ओढायचे, खिळ अडकवायची, वर सुटी फळी ठेवायची. फळीच्या खालच्या पट्ट्या दांड्यांच्या मध्ये बसतात, त्यामुळे ती सरकत नाही. बिजागरी नाही, कात्री नाही, लोंबणारा कोपरा नाही. दांड्यांची निम्मी लांबी ओट्याच्या आत राहायला हवी, नाहीतर भरलं पातेलं ठेवल्यावर ते वाकतात. म्हणजे दीड फूट बाहेर काढायचे तर तीन फुटी पाइप घ्या. ओट्याच्या आत दांड्यांना शेगडीची गॅसची नळी आडवी येते का ते आधी टॉर्च मारून बघा. येत असेल तर नळी हलवायची नाही, दांडे खाली उतरवायचे.

या फळीला एक धोका आहे तोही सांगतो. पलंगावरून फळीवर, फळीवरून शेगडीवर असा चढायला जिना तयार होतो. म्हणून नियम असा: मुलं फाटकामागे गेल्यावर फळी बाहेर, शेगडी बंद झाली की फळी आपल्या खाचेत. ती उभी राहील अशी खाच पलंगाच्या कडेला आताच करून घ्या. ठेवायला ठरलेली जागा नसलेली सुटी फळी दुसऱ्या दिवसापासून बाहेरच राहते.

बाहेरच्या भिंतीला, सावलीच्या कापडाखाली उघडणारी फळी लावू का, असंही तुम्ही विचारलंय. भांडी वाळत ठेवायला, मासळी साफ करायला उत्तम. पण शेगडी बाहेर मांडायचा बेत असेल तर लक्षात ठेवा, गोव्यात समुद्रकिनाऱ्यांवर आणि पर्यटनस्थळांवर उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे आणि दंड होतो. आगोंदला किंवा केरीला वाळूवर पातेलं चढवायचं स्वप्न सोडा. खाजगी भाटात (बागायतीत), मालकाला विचारून करता येईल. बाहेरच्या पत्र्याला भोक पाडायचं किंवा गाडीची मापं बदलायची तर आधी आरटीओत विचारा. नोंदणीच्या कागदावर आहे त्यापेक्षा वेगळी गाडी करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे.

ग्रॅनाइट का नको ते आता. १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. तीन फूट लांब, दोन फूट रुंद म्हणजे २७ किलो, आणि तो पेलायला खाली चौकट वेगळी. तेवढीच १२ मिलिमीटरची प्लाय साडेचार किलोत भागते. शिवाय तुमचा मेस्त ते वजन चाकांच्या मागे टाकतोय. मागे वजन वाढलं की हिचवरचा, म्हणजे गाडी आणि कॅरॅव्हॅन जिथे जोडतात त्या सांध्यावरचा, भार कमी होतो आणि उतारावर कॅरॅव्हॅन मागून डुलायला लागते. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात ती डुलायला लागली की ब्रेक लावूनही ताबा येत नाही, उलट वाढतं. हिचवरचा भार एकूण वजनाच्या किती असावा याचे युरोपातले संकेत ५ ते ७ टक्के, अमेरिकेतले १० ते १५ टक्के. तुमच्यासाठी मर्यादा म्हणजे तुमच्या गाडीच्या आणि हिचच्या कागदांवर छापलेला आकडा. मोजायला घरचा वजनकाटा पुरतो: सपाट जमिनीवर, कपलिंग जोडताना असतं त्याच उंचीला येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करा आणि कपलिंग त्यावर टेकवा. टाकी, सिलिंडर, डबे सगळं भरलेलं असताना मोजा. काम सुरू होण्यापूर्वी एकदा, संपल्यावर एकदा.

सामान घेताना गोव्याची हवा विसरू नका. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ पहिल्याच पावसाळ्यात फुगतात, दुकानदार काहीही म्हणो. आयएस ७१० छाप असलेली मरीन प्लाय घ्या आणि कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने किंवा निदान चांगल्या पॉलियुरेथेनने बंद करा. पाणी पृष्ठभागातून शिरत नाही, ते कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून शिरतं. स्क्रू, बिजागऱ्या स्टेनलेसच्या. ३०४ ग्रेड फोंड्यात चालेल, पण तुम्ही वर्षातले बरेच दिवस किनाऱ्यावर काढणार असाल तर बाहेरच्या कामाला ३१६ च घ्या. खाऱ्या वाऱ्यात ३०४ वर तपकिरी डाग धरतात. आणि काहीही लावायचं ते भिंतीच्या पातळ पत्र्यात नव्हे, आतल्या चौकटीत. चौकट सापडत नसेल तर मागे प्लायची पट्टी देऊन भार पसरवा. नुसता पत्र्यात मारलेला स्क्रू रस्त्यावरच्या खड्ड्यांनी दोन महिन्यांत ढिला होतो.

कोपरे. ओट्याची उंची ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर. दोन-अडीच वर्षांचं मूल ८६ ते ९२ सेंटिमीटर. म्हणजे धावत आलं तर कोपरा थेट कपाळावर. चिकटवायचे रबरी कोपरे मिळतात, पण दमट हवेत त्यांचा गोंद सुटतो आणि मग तोच तुकडा बाळाच्या तोंडात जातो. त्यापेक्षा कोपऱ्यावर चहाची बशी ठेवून पेन्सिल फिरवा आणि कोपरा गोल कापूनच घ्या. मी बोटींच्या आतली कामंही करतो. तिथल्या ओट्याला कडेने उभी पट्टी असते, लाटेत भांडं घसरू नये म्हणून. तशीच अर्ध्या इंचाची पट्टी तुमच्या ओट्याच्या बोळाकडच्या कडेला लावून घ्या. सांडलेलं गरम हुमण मग खाली उभ्या पोराच्या अंगावर ओघळत नाही. ६० अंश सेल्सिअसचा द्रव लहान मुलाच्या कातडीला काही सेकंदांत खोल भाजतो, आणि उकळती आमटी तर त्याच्या कितीतरी वर असते.

शेगडीपुढे एक आडवी जाळी आणि नॉबवर झाकणं, एवढं पुरेसं. पातेल्याचा दांडा भिंतीकडे. खरी काळजी गॅसची आहे, आणि तीही ओटा वाढवताना होणाऱ्या एका विशिष्ट चुकीची.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीवर साठतो, म्हणजे रांगणाऱ्या मुलाच्या पातळीवर. म्हणून कॅरॅव्हॅनच्या तळाला, बहुतेकदा शेगडीच्या कपाटात, गॅस बाहेर पडायला जाळीचं भोक दिलेलं असतं. नवीन कपाट, नवीन ड्रॉवर बसवताना सुतार हे भोक हमखास झाकतो. ‘इथून झुरळं येतात’ असं म्हणून बूच मारणारेही आहेत. ते भोक कुठे आहे ते आजच शोधा, त्याच्याभोवती खडूने वर्तुळ काढा आणि मेस्तांना सांगा की याच्यावर काही येणार नाही. झुरळांसाठी बारीक स्टेनलेसची जाळी लावा.

सिलिंडर आतून बंद, फक्त बाहेरून उघडणाऱ्या आणि तळाला हवा जाणाऱ्या कप्प्यात. ५ किलोचा तुम्हाला भरपूर. शेगडी बदलणार असाल तर ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी घ्या. मुलगा नॉबशी खेळला तरी कच्चा गॅस सुटत राहत नाही. रबरी नळी आयएस ९५७३ ची, तिच्यावर छापलेली तारीख बघून, वेळ संपली की बदलायची. प्रत्येक स्वयंपाकानंतर रेग्युलेटर बंद, फक्त नॉब नव्हे. वास आला तर पोरांना घेऊन बाहेर, कुठलंही बटण न दाबता, आणि लांब जाऊन १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन. गॅस अर्धवट जळला की होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. त्याचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा आणि स्वयंपाक करताना वरची खिडकी उघडी ठेवा, पाऊस असला तरी.

गॅस काढून इंडक्शन घेऊ का, असा विचार डोक्यात आलाच असेल. वीज जोडलेली असेल तिथे जरूर. बॅटरीवर मात्र हिशोब जुळत नाही. १२०० वॉटचं इंडक्शन १२ व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअरच्या वर ओढतं. १०० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी तासभरही टिकत नाही, आणि मिक्सर, पंखा राहिलेच.

फाटकाबद्दल दोन गोष्टी. उंची अडीच फूट, दांडे उभे (आडवे दिले की शिडी होते), दोन दांड्यांमधलं अंतर ६० मिलिमीटरपेक्षा कमी, म्हणजे बाळाचं अंग त्यातून सरकत नाही आणि डोकं अडकत नाही. आणि कडी अशी की अंधारात, एका कडेवर मूल घेऊन, एका हाताने उघडेल. फाटकाच्या पलीकडे मुलं आणि अलीकडे दार अशी रचना आपण करतोय. आग लागली तर फाटक अडथळा होता कामा नये. बाकड्यांवरची मागची खिडकी पूर्ण उघडते का, तिथून मोठा माणूस बाहेर पडतो का, हे करून बघा. अग्निशामक नळकांडं दाराजवळ, शेगडीच्या वर कधीच नाही. फाटकाचं काम कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला कुठलाही अॅल्युमिनियम फॅब्रिकेटर करून देईल. माप मात्र आतून, प्लायच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत, तीन उंचींवर घ्या. जुन्या कॅरॅव्हॅनच्या भिंती सरळ नसतात.

बाकीचं भराभर. कपाटांना दाबून बंद होणाऱ्या कड्या लावल्या की प्रवासात डबे पडत नाहीत आणि मुलांनाही त्या सहज उघडत नाहीत. सुऱ्या आणि आदोळी (विळी) खालच्या कपाटात ठेवायच्याच असतील तर त्यालाच कुलूप. आदोळीच्या पात्याला जाड रबरी नळी चिरून म्यान करा. दाराला आतून वरच्या बाजूला, साडेचार फुटांवर, एक जादा खिटी. वरच्या बर्थवर सहा वर्षांखालचं मूल झोपवायचं नाही, कठडा कितीही उंच असला तरी. विजेच्या पॉइंटला शटरवाले सॉकेट आणि सगळ्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच. चिकटवायचे ते छोटे एलईडी दिवे ज्या गोल बटणासेलवर चालतात, ते सेल मुलाने गिळले तर अन्ननलिका जळते. स्क्रूने बंद होणारं झाकण नसेल तर असा दिवा आत नकोच. भरलेली बादली जमिनीवर ठेवू नका. बाळाला बुडायला काही इंच पाणी पुरतं.

टाकीत किमान २० लिटर पाणी कायम राखीव ठेवा, ते वापरायचं नाही. भाजलं तर जखमेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी धरायचं असतं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही. तेवढ्यात दुसऱ्याने १०८ लावायचा.

आणि गाडी चालू असताना मागे कॅरॅव्हॅनमध्ये कोणीही बसायचं नाही, झोपलेलं मूलही नाही. दोघं पुढच्या गाडीत, आपापल्या चाइल्ड सीटवर. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर कलम १९४ बी खाली १००० रुपये दंड आहे. तुमच्या गाडीला आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट अडकवायचे, हूक असतील तर तशीच सीट घ्या, साडीच्या पदराने बांधल्यासारखी ढिली बसत नाही. निघण्यापूर्वी फाटक काढून आडवं बांधायचं, फळ्या खाचेत, रेग्युलेटर बंद.

पावसाच्या आत उरकायचं असेल तर आधी फाटक, मग सिंकचं झाकण, मग दांड्यांची फळी. फाटक लागल्यावर निदान एक रात्र अंगणात काढा. फळीची रुंदी तेव्हाच कळेल. मला तीन मापं कळवा: ओट्याची आतली खोली, शेगडीखालून गॅसची नळी किती खाली जाते ते, आणि हिचवरचा आजचा भार. दांड्याचा पाइप किती जाडीचा घ्यायचा ते त्यावरून सांगतो.